दोन हजारांची यादी, पण ती वाचायची कशी?

२६ मार्च २०२० ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटींचं पंतप्रधान गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं. टाळेबंदी सुरू होऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. शेतकऱ्याच्या खात्यात थेट पैसे टाकणारी गोष्ट त्यात एकच होती. पीएम-किसानचा (प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजनेचा) २०२०-२१ चा पहिला हप्ता, म्हणजे दोन हजार रुपये, एप्रिलमध्येच ८.७ कोटी शेतकऱ्यांना मिळणार होता. सप्टेंबरपर्यंत सरकारी आकडा ८.९४ कोटी शेतकरी आणि १७,८९१ कोटी रुपये इथवर गेला.

हा पैसा नवा नव्हता, हे आधी स्पष्ट करू. योजना १ डिसेंबर २०१८ पासून लागू आहे. वर्षाला सहा हजार, चार-चार महिन्यांनी दोन हजार. एप्रिल ते जुलैचा हप्ता यायचाच होता, तो एप्रिलमध्ये आला एवढंच. २०२०-२१ साठीचे ७५ हजार कोटी १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात आधीच धरलेले होते, तेव्हा करोनाचं नावही त्या भाषणाच्या हिशेबात नव्हतं. वर्षाची बेरीज सहा हजारच राहिली. तरी वेळेवर आलेल्या दोन हजारांना किंमत असते. त्या खरिपात डीएपी खताची एक गोणी बाराशेच्या आसपास होती आणि युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. एक डीएपी, तीन युरिया, की हप्ता संपला. पश्चिम बंगालच्या शेतकऱ्याला तेवढंही मिळालं नाही, कारण ते राज्य तेव्हा योजनेतच नव्हतं. तिथला पहिला हप्ता मे २०२१ मध्ये पडला.

खरा प्रश्न पुढचा आहे. हे पैसे कुणाला गेले, कुणाला जायला हवे होते, आणि हे गावातल्या माणसाला कसं तपासता येईल? सरकारचं उत्तर ठरलेलं असतं: ‘यादी पोर्टलवर आहे.’ आहे, हे खरं. पण तिच्यात कोणते रकाने आहेत आणि कोणते नाहीत, तिथेच सगळं अडतं.

पोर्टलवर काय दिसतं

पीएम-किसानच्या संकेतस्थळावर ‘फार्मर्स कॉर्नर’मध्ये ‘बेनिफिशिअरी लिस्ट’ आहे. राज्य, जिल्हा, उपजिल्हा, ब्लॉक, गाव असं एकेक निवडून ‘गेट रिपोर्ट’ दाबलं की गावाची यादी उघडते. त्यासाठी लॉगिन लागत नाही, हे चांगलंच आहे. गाव सापडत नसेल तर दुसरं स्पेलिंग बघा. शेजारच्या तालुक्यातही शोधा, कारण तालुक्यांची फेररचना झालेल्या भागात जुनीच विभागणी चालू असलेली आढळते.

यादीत अनुक्रमांक, नाव आणि लिंग असतं. गट क्रमांक नसतो, ८अ चा (गावातली खातेदाराची सगळी जमीन दाखवणाऱ्या उताऱ्याचा) खाते क्रमांक नसतो. कितवा हप्ता मिळाला, किती रक्कम मिळाली, कुणाचा हप्ता कोणत्या कारणाने थांबला, यातलं काहीच नसतं. एकाच गावात तीन ‘पाटील दत्तात्रय’ असतील तर यातला कोणता पात्र आणि कोणता अपात्र हे त्या यादीवरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. शिवाय यादी आजची दिसते. एप्रिल २०२० ला त्या यादीत कोण होतं आणि नंतर कोण गळलं, हे तिच्यातून कळत नाही.

एकट्या शेतकऱ्यासाठी ‘नो युवर स्टेटस’ आहे. त्यात नोंदणी क्रमांक टाकला की हप्त्यागणिक तपशील दिसतो. पण तो ज्याचा त्यालाच. स्वतःचं पासबुक बघता येणं ही सोय झाली. सार्वजनिक पैशाचा हिशेब गावाला बघता येणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि सरकारी पत्रकांत या दोन्हींना सर्रास ‘पारदर्शकता’ म्हटलं जातं.

पात्र कोण, हे नीट माहीत हवं

यादी तपासायला बसण्याआधी नियम पक्के हवेत, नाहीतर निष्पाप माणसावर बोट रोखलं जातं. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतच्या अल्प व अत्यल्प भूधारकांपुरती योजना होती. जून २०१९ पासून क्षेत्राची अट गेली. म्हणजे २०२० मध्ये दहा एकरवाल्याला हप्ता मिळाला तर त्यात गैर काही नाही. ‘लहान शेतकऱ्यांची मदत’ हे नाव मात्र तसंच चिकटून राहिलं.

जमीन १ फेब्रुवारी २०१९ ला नावावर असावी लागते. त्यानंतर विकत घेतलेल्या जमिनीवर लाभ नाही, वारसाने आलेली चालते. वडील वारले, वारस नोंदीचा फेरफार (जमिनीच्या दप्तरातला बदल) मंजूर झाला, की मुलगा अर्ज करू शकतो. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान (१८ वर्षांखालील) मुलं. नवरा-बायको दोघांच्या नावे वेगवेगळे सातबारे असले तरी लाभ एकालाच. सज्ञान मुलाच्या नावावर स्वतःची जमीन असेल तर तो वेगळं कुटुंब. सामाईक खात्यात तीन भाऊ असतील आणि तिघांची कुटुंबं वेगळी असतील तर तिघेही आपापल्या हिश्श्यावर पात्र. एका खात्यावर तीन नावं दिसली की लोक लगेच ‘घोटाळा’ म्हणतात. तो बहुतेक वेळा घोटाळा नसतो.

अपात्र कोण? घटनात्मक पदांवरचे आजी-माजी, मंत्री, खासदार, आमदार, महापौर, जिल्हा परिषद अध्यक्ष. सरकारी व निमसरकारी नोकरीतले आणि निवृत्त कर्मचारी, पण चतुर्थ श्रेणीवाले वगळून. महिना दहा हजार किंवा जास्त निवृत्तिवेतन घेणारे. मागच्या करनिर्धारण वर्षात आयकर भरलेले. नोंदणीकृत व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए, वास्तुविशारद. साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराला भविष्यनिर्वाह निधीच्या ईपीएस-९५ या पेन्शन योजनेचं महिना हजार-दीड हजार मिळतं, तो ‘पेन्शनर’ आहे म्हणून अपात्र ठरत नाही. उलट निवृत्त शिक्षकाच्या बायकोच्या नावावर शेत असेल तर घर एकच धरलं जातं आणि ती अपात्र ठरते. गावात वाद होतात ते नेमके याच दोन ठिकाणी.

खंडाने किंवा बटईने शेत कसणारा कुठेच नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेली आणि आयुष्यभर शेतात राबलेली बाईही नाही. टाळेबंदीत माल सडला तो कसणाऱ्याचा, आणि पैसे आले ते सातबाऱ्यावरच्या नावाला. हा दोष यादीचा नाही, योजनेच्या आखणीतलाच आहे, त्यामुळे यादी कितीही तपासली तरी तो सापडणार नाही.

२०२० मध्ये काय बिघडलं

योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पात्र लाभार्थ्यांची यादी गावपातळीवर प्रसिद्ध करायची तरतूद आहे. वगळलेल्यांना म्हणणं मांडायची संधी द्यायचीही आहे. आपल्याकडे याला साधनं तयार होती: ग्रामपंचायतीचा फलक, ग्रामसभा, चावडी वाचन. सातबारा संगणकीकृत करताना महसूल खात्याने चावडी वाचन करून चुका पकडल्या होत्याच. तलाठी नाव वाचतो, समोरून कुणीतरी ओरडतं, ‘अहो, ते वारले की तीन वर्षांपूर्वी.’ इतकी स्वस्त आणि इतकी अचूक तपासणी दुसरी कोणती नाही.

मे २०२० मध्ये महाराष्ट्रात ग्रामसभांना स्थगिती मिळाली आणि ती कित्येक महिने टिकली. मुदत संपलेल्या हजारो ग्रामपंचायतींच्या निवडणुका लांबल्या, तिथे प्रशासक बसले. म्हणजे पैसा सर्वांत घाईने सुटत होता तेव्हाच गावाचे डोळे मिटलेले होते. गर्दी टाळणं भाग होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण फलकावर खाते क्रमांकासह यादी चिकटवायला गर्दी लागत नाही, आणि तेही फारसं कुठे झालं नाही.

त्याचा पूर्ण परिणाम दिसला तमिळनाडूत. टाळेबंदीच्या काळात स्वतः नोंदणी करायची सोय मोकळी होती. अर्ज मंजूर करायचे अधिकार तालुक्याच्या कृषी कार्यालयातल्या लॉगिनला होते, आणि ते युजरनेम-पासवर्ड कंत्राटी कर्मचाऱ्यांमार्फत दलालांच्या आणि संगणक केंद्रांच्या हाती गेले. ऑगस्टमध्ये नोंदण्या अचानक फुगल्या. ‘करोनाची मदत मिळतेय’ असं सांगून लोकांची आधार कार्डं आणि पासबुकं गोळा केली गेली. ज्यांच्या खात्यात पैसे आले त्यांतल्या अनेकांना ही शेतकऱ्यांची योजना आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. कडलूर, विळुप्पुरम, कळ्ळकुरिची या जिल्ह्यांची नावं पुढे आली. सप्टेंबरमध्ये राज्याच्या कृषी सचिवांनी साडेपाच लाख अपात्र लाभार्थी आणि ११० कोटींहून जास्त रक्कम असा आकडा दिला. माणसं निलंबित झाली, अटक झाली, खात्यांतून पैसे परत ओढले गेले.

पोर्टलवर यादी तेव्हाही होती. दुसऱ्या जिल्ह्यातली, गावाशी काडीचा संबंध नसलेली नावं त्या यादीत सगळ्या जगाला दिसत होती. कुणीही वाचली नाही, कारण नुसत्या नावांच्या यादीत वाचण्यासारखं काही नसतं.

महाराष्ट्राचे आकडे

जानेवारी २०२१ मध्ये माहिती अधिकारातल्या उत्तरातून देशपातळीवरचा पहिला हिशेब बाहेर आला: २०.४८ लाख अपात्र, १,३६४ कोटी रुपये. त्यातले निम्म्याहून जास्त, ५५.५८ टक्के, आयकर भरणारे होते. पंजाब आणि आसामपाठोपाठ महाराष्ट्र तिसरा, २.८६ लाखांसह. सहा महिन्यांनी, जुलै २०२१ मध्ये, कृषिमंत्री नरेंद्रसिंह तोमर यांनी संसदेत दिलेला आकडा दुप्पट होता: सुमारे ४२ लाख अपात्र, २,९९२ कोटी. महाराष्ट्र ४.४५ लाख आणि ३५८ कोटी.

भागाकार करून बघा. ३५८ कोटींना ४.४५ लाखांनी भागलं की माणशी साधारण आठ हजार येतात. म्हणजे सरासरी चार हप्ते. चुकीचं नाव एकदा आत शिरलं की ते सापडायला सव्वा वर्ष तरी लागलं. आयकर खात्याच्या माहितीशी पडताळणी झाली ती पैसे गेल्यानंतर. आधी झाली असती तर या वसुलीचा मोठा भाग उद्भवलाच नसता. दोन्ही माहित्या केंद्र सरकारच्याच ताब्यात होत्या, त्यामुळे ‘राज्यांनी चुकीची नावं पाठवली’ ही सबब मला अर्धीच पटते.

मार्च २०२५ मध्ये लोकसभेत सांगितलेला वसुलीचा आकडा ४१६ कोटी होता. २,९९२ कोटींच्या मागणीसमोर तो ठेवला की तहसील कार्यालयातून निघालेल्या नोटिसांचं काय झालं याचा अंदाज येतो.

नोटिसांमध्ये अन्यायही झाला. आयकर ‘भरलेला’ अपात्र असतो. विवरणपत्र दाखल करूनही कर शून्य असेल तर तो अपात्र नाही. ट्रॅक्टरच्या किंवा घराच्या कर्जासाठी शून्य कराचं विवरणपत्र भरणारे शेतकरी प्रत्येक गावात सापडतील. तुमच्या हातात अशी नोटीस असेल तर त्या करनिर्धारण वर्षाची पोचपावती काढा, ‘देय कर’ शून्य आहे ती ओळ अधोरेखित करा, सोबत २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या आणि भरलेल्या कराचा आयकर खात्याचा तक्ता) जोडा आणि लेखी हरकत देऊन आवक क्रमांक घ्या. २६एएसमध्ये बँकेने ठेवीच्या व्याजावर आधीच कापलेला कर, म्हणजे टीडीएस, दिसेल. टीडीएस कापला गेला याचा अर्थ कर देय होता असा होत नाही, परतावा मिळाला असेल तर तोही दाखवा. आधी पैसे भरून टाकू आणि मग भांडू असं मात्र करू नका, भरणा म्हणजे कबुली धरली जाऊ शकते.

ज्यांना मिळायला हवे होते आणि मिळाले नाहीत

वर्तमानपत्रांत अपात्रांचे मथळे येतात. पात्र असून हप्ता न मिळालेल्यांचा मथळा होत नाही, कारण त्यांची यादीच कुठे नसते.

पैसे सुटण्याची साखळी अशी आहे. तालुक्यातून नाव पोर्टलवर चढतं. आधार आणि बँक खात्याची पडताळणी होते. राज्याचा नोडल अधिकारी त्या तुकडीसाठी ‘रिक्वेस्ट फॉर ट्रान्सफर’ सही करतो, म्हणजे राज्याने ‘हे आमचे पात्र शेतकरी, यांना पैसे द्या’ असं सांगितलं. मग केंद्राकडून ‘फंड ट्रान्सफर ऑर्डर’ निघते आणि पीएफएमएस या सरकारी पैसे वाटपाच्या संगणक प्रणालीतून पैसे बँकेत जातात. स्टेटसमध्ये ‘आरएफटी साइन्ड’ दिसत असेल तर राज्याचं काम झालेलं असतं. ‘एफटीओ जनरेटेड, पेमेंट कन्फर्मेशन पेंडिंग’ असेल तर आदेश निघाला, बँकेकडून पोच बाकी आहे. अशा वेळी तहसीलला चकरा मारण्यात अर्थ नाही. ‘स्टॉप्ड बाय स्टेट’ असेल तर मात्र कागद तालुक्यात किंवा जिल्ह्यात आहे, आणि तो मागायचा हक्क तुम्हाला आहे.

२०२० मधली एक अडचण तर ठरवून आल्यासारखी होती. १ एप्रिल २०२० लाच दहा सरकारी बँकांचं चार बँकांत विलीनीकरण झालं. त्याच्या वर्षभर आधी देना आणि विजया बँक बँक ऑफ बडोदात गेल्या होत्या. शाखा एकत्र आल्या, खाते क्रमांक बदलले, पुढे २०२१ मध्ये जुने आयएफएससी (शाखेचे सांकेतिक क्रमांक) बंद झाले. बरेच हप्ते तेव्हा खाते क्रमांक आणि आयएफएससीवर जात होते. एक आकडा चुकला की पैसे परत. बँकेने ग्राहकाला नवा क्रमांक एसएमएसने कळवला असेल, पण पोर्टलवरचा जुना क्रमांक बदलायचा कुणी, हे कुणीच सांगितलं नाही.

पुढे पैसे आधारवर जाऊ लागले आणि अडचणीचं रूप बदललं. आता पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. आधारशी शेवटी जोडलेलं जे खातं एनपीसीआयच्या (बँकांमधली देवाणघेवाण सांभाळणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत असेल तिथे जातात. मोबाइलचं सिम घेताना नकळत उघडलेलं पेमेंट्स बँकेचं खातं, मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेलं खातं, कुठलंही. ‘हप्ता आला नाही’ म्हणणाऱ्यांत असे पुष्कळ निघतात. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघितलं की बँकेचं नाव कळतं. ज्या बँकेत पैसे हवेत तिथे जाऊन नव्याने सीडिंगचा, म्हणजे त्या नोंदीत हेच खातं आधारशी जोडण्याचा, अर्ज द्या. नुसतं ‘आधार लिंक आहे’ असं काउंटरवर सांगितलं जातं त्यावर विसंबू नका. खात्याला आधार जोडलेला असणं वेगळं आणि एनपीसीआयच्या नोंदीत तेच खातं असणं वेगळं. जिल्हा मध्यवर्ती बँकांच्या खात्यांत हे जास्त वेळा आढळतं.

नावातला फरकही आहेच. सातबाऱ्यावर ‘भाऊसो’, आधारवर ‘भाऊसाहेब’, पासबुकात फक्त ‘बी.’ यातलं आधारवरचं नाव प्रमाण धरून बाकीची दुरुस्ती करायची.

त्याच महिन्यांतलं एक बरं उदाहरण

महाराष्ट्राच्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेचा शासन निर्णय २७ डिसेंबर २०१९ चा. फेब्रुवारी २०२० मध्ये पहिली यादी आली ती ६८ गावांची, प्रयोग म्हणून. प्रत्येक खात्याला विशिष्ट क्रमांक दिला गेला आणि याद्या गावात लावल्या गेल्या. शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन अंगठा द्यायचा, पडद्यावर आपली कर्जाची रक्कम बघायची, पटली तर मान्य करायची, नाही पटली तर तिथल्या तिथे अमान्य करून तक्रार नोंदवायची. पैसे सुटण्याआधी लाभार्थ्याला रक्कम नाकारता येणं हे पीएम-किसानमध्ये कधीच नव्हतं.

टाळेबंदीत अंगठा घेणं बंद पडलं आणि लाखो खाती अडकली. २२ मे २०२० ला राज्याने बँकांना सांगितलं की ही थकबाकी ‘शासनाकडून येणे’ दाखवा आणि शेतकऱ्याला खरिपाचं नवं कर्ज द्या. सगळ्या बँकांनी ते सारखं पाळलं असं नाही. पण निदान कुठे अडलं आहे ते गावाला माहीत होतं, कारण यादी समोर होती.

गावाचा हिशेब मागायचा कसा

आधी घरबसल्या होणारं काम. पोर्टलवरची गावाची यादी उतरवून घ्या. शेजारी गावाची ८अ खातेदारांची यादी ठेवा. ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीतून २०१९ नंतरच्या नोंदी बघा. तीन गोष्टी लगेच दिसतात: वारलेल्यांची नावं, खातेदार नसलेली नावं, आणि एकच माणूस दोन स्पेलिंगांनी. चौथी, नवरा-बायको दोघांना लाभ, ही यादीवरून कळणार नाही, कारण यादीत नातं नसतं. सापडलेल्या नावांवर लगेच निष्कर्ष काढू नका आणि गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. फेरफाराची तारीख बघितल्याशिवाय वारस खरा की खोटा हे ठरत नाही.

मग माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र ‘अ’मध्ये, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला फी नाही. राज्याच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांची मर्यादा आहे. अर्ज फेटाळायला हीच सबब सगळ्यात आधी वापरली जाते, त्यामुळे मजकूर आखडता ठेवा. नमुना असा:

विषय: पीएम-किसान सन्मान निधी, मौजे ____, ता. ____, जि. ____.
कालावधी: १ एप्रिल २०२० ते ३१ मार्च २०२१.
१. गावातील लाभार्थ्यांना अदा झालेले हप्ते: नाव, ८अ खाते क्रमांक, हप्ता क्रमांक, रक्कम, दिनांक.
२. हप्ता थांबवलेल्यांची यादी, कारण व संबंधित आदेशाची प्रत.
३. वसुलीच्या नोटिसा: संख्या, मागणी, जमा रक्कम, शासनखाती भरल्याच्या चलनांच्या प्रती.
४. पाच टक्के लाभार्थ्यांच्या प्रत्यक्ष तपासणीसाठी निवडलेली नावे व तपासणी अहवाल.
५. नोंदण्या मंजूर करणाऱ्या लॉगिनधारकांचे पदनाम.
आधार, बँक खाते व मोबाइल क्रमांक कलम १० नुसार वगळून माहिती द्यावी.

‘८अ’ हा शब्द खाते क्रमांकाच्या आधी न विसरता लिहा. नुसतं ‘खाते क्रमांक’ लिहिलं की बँकेचा क्रमांक मागितला असं समजून अर्ज खासगी माहिती म्हणून परत येतो. शेवटची ओळही त्याचसाठी. पाचवा मुद्दा तमिळनाडूवरून सुचलेला: मंजुरी कोणत्या टेबलावरून झाली हे कळल्याशिवाय चूक कुणाची हे ठरत नाही. चौथ्या मुद्द्याचं उत्तर आलं की तपासणीसाठी कोणती गावं निवडली ते बघा. तालुक्याच्या गावाला लागून असलेलीच असतील तर तपासणी कशी झाली हे वेगळं सांगायला नको.

अर्ज द्यायचा कुठे, ही खरी डोकेदुखी. २०२० चं दप्तर तहसील कार्यालयातलं. नंतर महसूल आणि कृषी खात्यात हे काम कुणी करायचं यावरून बराच काळ ओढाताण झाली, बहिष्कार झाले, आणि २०२३ मध्ये काम कृषी खात्याकडे गेलं. आता तहसील म्हणतं, कृषीकडे जा. तालुका कृषी अधिकारी म्हणतात, जुनं आमच्याकडे आलेलंच नाही. अर्ज तहसीलला द्या आणि त्यातच लिहा की माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत वर्ग करावी. अर्जदाराला फिरवत बसायचा अधिकार त्यांना नाही.

तीस दिवसांत उत्तर नाही किंवा अपुरं आलं तर पहिलं अपील तीस दिवसांच्या आत, जोडपत्र ‘ब’, वीस रुपयांचा स्टॅम्प. दुसरं अपील नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे. तिथे तारीख मिळायला फार वेळ जातो, त्यामुळे सगळा भर पहिल्या अपिलावर ठेवा. सुनावणीला स्वतः जा आणि ‘प्रती नकोत, दप्तर बघू द्या’ असं म्हणा. कलम २(ञ) मध्ये पाहणीचा हक्क आहे. प्रती मागितल्या की ‘माहिती विस्तृत आहे’ हे उत्तर तयार असतं, पाहणीला ते लागू पडत नाही.

खासगी माहितीची ढाल

यापुढे नकार बहुधा कलम ८(१)(ञ)खाली येईल. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्यातल्या कलम ४४(३) ने हे कलम बदललं आणि ती दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा त्यामुळे खासगीपणात अवाजवी ढवळाढवळ होते, असं दाखवावं लागे. शिवाय जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं परंतुक होतं. आता ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित’ एवढे शब्द पुरतात. लाभार्थ्याचं नाव हीसुद्धा वैयक्तिक माहितीच, असं म्हणायला कुणाला वेळ लागणार नाही.

खासगीपणाची भीती खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. २०२२ मध्ये याच पोर्टलच्या एका भागातून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक उघडे पडत असल्याचं एका सुरक्षा अभ्यासकाने दाखवून दिलं होतं. म्हणजे जे झाकायला हवं ते उघडं राहिलं, आणि जे उघडं हवं, गट, हप्ता, रक्कम, कारण, ते आजही झाकलेलं आहे. सातबारा कुणालाही बघता येतो. त्या सातबाऱ्यावर सरकारने दिलेले दोन हजार मात्र खासगी, हे कसं?

अपिलात तीन गोष्टी मांडा. एक, कलम ४(१)(ख)(बारा): अनुदान कार्यक्रमांची अंमलबजावणी, दिलेल्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने न मागता प्रसिद्ध करायचा आहे, आणि हे कलम बदललेलं नाही. दोन, कलम ८(२): सार्वजनिक हित जास्त असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. तमिळनाडू आणि संसदेतला २,९९२ कोटींचा आकडा हे सार्वजनिक हिताचे पुरावे म्हणून जोडा. तीन, राजस्थान. तिथे सप्टेंबर २०१९ पासून जन सूचना पोर्टलवर रेशन, पेन्शन, कर्जमाफी अशा योजनांची माहिती गावापर्यंत उतरून बघता येते, आणि ते कलम ४(२) च्याच आधारावर उभं आहे. एका राज्यात जमतं ते दुसऱ्यात कायद्याने अशक्य कसं, हे अपिलीय अधिकाऱ्याने लेखी सांगावं.

माहिती हातात आली की ती ग्रामसभेपुढे ठेवायची. महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा ठरलेल्या असतात. विषय अजेंड्यावर यावा म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) आधी लेखी पत्र द्या, पोच घ्या, विषयाचे शब्द साधे ठेवा: ‘पीएम-किसान लाभार्थी यादीचे वाचन व हरकती’. वाचताना नाव, ८अ खाते क्रमांक आणि हप्त्यांची संख्या एवढंच वाचायचं. हरकत आली तर नाव तिथे खोडायचं नाही, नाव आणि हरकतीचं कारण इतिवृत्तात लिहायचं आणि ती प्रत ठरावासोबत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे आवक क्रमांकाने द्यायची. वाचनात पात्र असून सुटलेल्यांची दुसरी यादीही त्याच ठरावात जोडायची, नाहीतर नुसती वसुली होते आणि सुटलेले सुटलेलेच राहतात.